कोणाकडे?

येळवशीच्या सकाळी मी एका रजिस्टरमध्ये खोटं लिहिलं, आणि ते अजून मनातून जात नाही. लिहिलं ते फार नव्हतं. नानांचं नाव, माझा मोबाईल नंबर, वेळ सात वाजून दहा मिनिटं, आणि 'कोणाकडे' या रकान्यात 'बी-204'. मी लिहीत होतो तेव्हा नाना माझ्या शेजारी डोक्यावर आंबिलीची बिंदगी घेऊन उभे होते. खांद्यावर घोंगडं, एक हात वर बिंदगीला, दुसऱ्या हातात काठी. आमच्या घरात घरून उचललेली बिंदगी रानात कोपीपाशी पोचेपर्यंत खाली टेकवत नाहीत. त्यामुळं वॉचमननं पेन पुढं केलं तेव्हा ते घ्यायला नानांचा हातच मोकळा नव्हता. पेन मी घेतलं. वॉचमन कोवळा पोरगा, शेजारच्याच गावचा. अंगात निळा शर्ट, कानाभोवती मफलर. "कुठं निघालाव काका?" असं त्यानं विचारलं ते अदबीनंच. नाना म्हणाले, "रानात." पोरगा घुटमळला. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, रकाना मोकळा ठिवता येत न्हाई. बी दोनशे चार लिवा. सगळे तेच लिवतेत." मी पान पाहिलं. माझ्या आधी सहा नावं होती, सहाही गावातली, सहाही ओळखीची, आणि सहाही नावांपुढं बी-204. मी सातवं लिहिलं. नानांनी तिकडं पाहिलं नाही. ते सरळ समोर बघत होते, जिथं सिमेंटचा रस्ता संपून लोखंडी फाटक लागतं आणि फाटकापलीकडं आमची तूर सुरू होते.

स्वतःच्या रानात जायला माझ्या चुलत्याला कागदावर कुणाच्या तरी घरी पाहुणा व्हावं लागलं, आणि ते लिहिणारा हात माझा होता.

येळवस म्हणजे काय ते लातूर-धाराशिवच्या माणसाला सांगावं लागत नाही. मार्गशीर्षाच्या अमावास्येला सगळं लातूर रानात असतं. दुकानांची शटर खाली, रस्ते मोकळे, आणि एरवी शहरात राहणारा माणूस कुठल्या तरी बांधावर पंगतीत बसलेला. आदल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपत नाही. मायनं दोन वाजताच चूल पेटवलेली असते. भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे सोलून परातीत ढीग घातलेला, चिंचेचा कोळ कालवलेला, बाजरीचे उंडे वाफेवर, आणि या सगळ्याच्या वर तरंगणारा ताकातल्या ज्वारीच्या पिठाचा आंबूस, लसणीचा वास. तो वास नाकात गेला की मी नऊ-दहा वर्षांचा होतो. पुण्यात वीस वर्षं काढून झाली, पण येळवस चुकवली ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लहानपणी रानाकडं जायची वाट गावाच्या खालच्या अंगानं निघायची. मारुतीच्या पाठीमागून गाडीवाट, दोन्ही बाजूंना बाभळी, चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताची पट्टी. त्या पट्टीवर दंव असायचं. आम्ही पोरं मुद्दाम त्यातून चालायचो आणि पाय गारठले की चाकोरीतल्या भुरभुरीत मातीत घालायचो. ती माती पहाटेसुद्धा कोमट लागायची. मग ओढा. ओढ्यात पाय ठेवायला पाच दगड टाकलेले होते, तिसरा डुगडुगायचा. मागून मायचा आवाज यायचा, "तिसऱ्याला जपून रे." ओढा ओलांडला की आमचं लिंबाचं रान. बांधावर मोठा लिंब होता म्हणून त्याचं नाव लिंबाचं रान. वाट त्याच्या बांधानं सरळ नानांच्या रानात जायची आणि पुढं आणखी वीसेक घरांच्या शेतांकडं. ही वाट कुणी दिली, कधी दिली, कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांच्या आधीपासून लोक त्या बांधानं चालत होते, एवढंच.

आज लिंबाचं रान नाही. तिथं चार मजल्यांच्या तीन इमारती आहेत, चाळीसेक रो-हाउस आहेत, कमानीवर सोनेरी इंग्रजी अक्षरांत नाव आहे, आणि चहूबाजूंनी सात फुटांची भिंत आहे. गावात त्या नावानं त्याला कुणी ओळखत नाही. सगळे 'प्लॉटिंग' म्हणतात. "प्लॉटिंगच्या अंगानं आलाव का रोडनं?" असं विचारतात.

ते रान आम्ही विकलं. हे मी आधीच लिहायला हवं होतं, पण हात तिथं अडखळतो. 'आम्ही' म्हणजे दादांनी, माझ्या वडिलांनी, आणि माझ्या संमतीनं. 2012 पासून एकापाठोपाठ एक कोरडी वर्षं आली. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. ते चित्र साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आमच्या गावाला त्यातलं काही येणार नव्हतं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता, गावातली विहीर तळाशी चिखल दाखवत होती, आणि आमच्या बोअरमधून दिवसाला चार घागरी निघत होत्या. सोसायटीचं कर्ज होतं, बी-बियाणांच्या दुकानाची उधारी होती. आणि तेव्हाच मी पुण्यात फ्लॅट बघत होतो. बँक कर्ज देत होती, पण आधी भरायची रक्कम माझ्याकडं नव्हती. दादांनी एका रात्री फोनवर विचारलं, "किती कमी पडतेत तुला?" मी आकडा सांगितला. पुढच्या वर्षी तीन एकरांचं खरेदीखत झालं. कर्ज फिटलं, उधारी फिटली, आणि राहिलेले पैसे पुण्याला आले. माझ्या बैठकीच्या खोलीतली फरशी लिंबाच्या रानाची आहे. कधीमधी रात्री पाणी प्यायला उठतो आणि अनवाणी पायांना ती गार लागते, तेव्हा मला हे आठवतं.

आमच्या बोलण्यातली मोजमापंसुद्धा तेव्हापासून बदलली. दादा आयुष्यभर एकरात बोलले. घेणारा गुंठ्यात बोलायला लागला. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे 1,089 चौरस फूट. ज्यांनी शेवटी घरं घेतली ते फुटांतच बोलतात. दादांना हिशेब लगेच कळला, पण पचला नाही. ते म्हणायचे, ज्या जाग्यात एक खंडी ज्वारी निघायची तिथं किती फूट निघतेत हे मला कसं सांगता येईल.

खरेदीच्या दिवशी दादांनी एक गोष्ट मात्र सांगितली होती. मी तिथं होतो. दस्तावर सह्या झाल्यावर कार्यालयाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "बांधाची वाट तेवढी राहू द्या. पुढच्या लोकांचं येणंजाणं हाय." घेणाऱ्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. "राहील की काका. वाट कोण बंद करतंय?" खरेदीखतात त्याबद्दल एक ओळ नव्हती. असायला हवी हे ना दादांच्या लक्षात आलं, ना माझ्या. मी शिकलेला होतो, घर घेताना बिल्डरच्या कागदांची पानन् पान वकिलाला दाखवली होती. आणि गावातल्या वीस घरांची वाट मी चहाच्या कपावर सोडून दिली.

पहिली दोन-अडीच वर्षं काही बदललं नाही. मग मुरमाचे हायवा यायला लागले. काळ्या मातीवर घर बांधायचं तर ती आधी खोल उकरावी लागते. ती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते, वर घर उभं राहू देत नाही. ती माती कुठं गेली कुणास ठाऊक. हाताला लोण्यासारखी लागणारी, पाऊस पडला की चपलेला किलोकिलोनं चिकटणारी. तिच्या जागी तांबडा मुरूम पसरला. लिंब पहिल्याच आठवड्यात गेला. नानांनी तो तोडताना पाहिला नाही. ते त्या दिवशी बाजाराला गेले होते. संध्याकाळी परत आले, बुंध्याशी थोडा वेळ उभे राहिले आणि भुशाची एक मूठ उचलून पंचाच्या टोकाला बांधून घरी आले. मायनं हे मला फोनवर सांगितलं. ती मूठ त्यांनी कणगीत टाकली म्हणे, कीड लागू नये म्हणून.

गावाचं गाऱ्हाणं काय, हे शहरात कुणाला सांगायला गेलं की चटकन वाटतं, यांना नवी माणसं नको आहेत. तसं नाही. गावात किराणा दुकानं दोनाची पाच झाली, पोरांना कामं मिळाली, एसटीच्या दोन फेऱ्या वाढल्या. नवी माणसं येतायत याचं सुरुवातीला अप्रूपच होतं. त्रास सुरू झाला तो पाण्यापासून. आतल्या लोकांसाठी एका ओळीत बोअर पाडली गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या हातपंपाचा दांडा हलका हलायला लागला. हातपंप कोरडा पडत आला की दांडा असा हलका लागतो, ज्यानं आयुष्यभर तो हापसला त्यालाच कळतं. मग सांडपाणी. तीन इमारतींच्या टाक्या भरल्या की पाणी ओढ्यात सोडलं जातं. ज्या पाच दगडांवरून आम्ही उड्या मारत गेलो त्यांच्यावर आता हिरवट साय असते, आणि तिन्हीसांजेला वारा पडला की खालच्या गल्लीत दारं लावून घ्यावी लागतात. कचरा न्यायला घंटागाडी कुणाची, कर कुणाकडं भरायचा, यावर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन तास भांडण झालं. आतली चार माणसंही आली होती, आणि त्यांचीही तक्रार तीच होती, की आम्हाला जे सांगून घरं विकली त्यातलं काहीच मिळालेलं नाही. सभा संपताना दोन्हीकडची माणसं एकाच बाजूला बसलेली होती. ज्याला विचारायचं तो मात्र तिथं नव्हता.

आणि भिंत. भिंत बांधताना तिच्या बुडाशी पाणी जायला मोऱ्या ठेवायला हव्या होत्या. ठेवल्या नाहीत. उतार नानांच्या रानाकडून ओढ्याकडं. पावसाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या लिंबाच्या रानातून ओढ्याला मिळायचं. आता ते भिंतीशी थांबतं. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी गेलो होतो तेव्हा भिंतीलगतचं दीड एकर सोयाबीन पिवळं पडून उभं होतं, पाण्यात. शेंगा धरलेल्या. नानांनी एक झाड उपटून मुळं मला दाखवली. काळी, बुळबुळीत, नाकाशी धरवत नव्हती. "मुळी श्वास घेईना," ते म्हणाले. मग त्याच झाडाची एक शेंग फोडून दाणा दातांखाली धरला आणि थुंकला. मी विचारलं, भिंतीला भोक पाडायला सांगितलं का? म्हणाले, सांगितलं. पोरगं पाठवून बघून गेले. पावसाळ्यानंतर करतो म्हणाले. पावसाळ्यानंतर गरज राहत नाही.

भिंतीतून वाट राहिली ती दोन फाटकांची. गावाकडचं मोठं, रानाकडचं लहान. सुरुवातीला दोन्ही दिवसभर उघडी असायची आणि लोक आतल्या सिमेंटच्या रस्त्यानं जात-येत होते. मग आतल्या कुणाच्या तरी दोन मोटारसायकली चोरीला गेल्या, आणि रजिस्टर आलं. गावातले काही जण वकिलाकडं गेले. त्यांनी गाव नकाशा मागवला. नकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात. आमच्या वाटेची दुहेरी रेषा मारुतीच्या मागून निघते, ओढ्यापर्यंत येते आणि तिथं संपते. पुढचा बांध नकाशावर नुसता बांध आहे. वकील म्हणाले, वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. सहा महिने केव्हाच होऊन गेले होते. आता दिवाणी दावा, वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायची, साक्षीदार उभे करायचे. साक्षीदार शेकड्यानं होते. पण दावा लावायचा म्हणजे आधी दादांचं नाव निघणार, की वाट न लिहिता जमीन विकली कुणी. दादा 2021 मध्ये गेले. सहा महिन्यांत कुणी दाद का मागितली नाही याचं खरं कारण मला मागाहून मायकडून कळलं. वीस घरांतली माणसं नानांकडं आली होती. अर्जावर पहिली सही तुमची पाहिजे म्हणाली. नानांनी कागद दोन दिवस देव्हाऱ्यात ठेवला आणि तसाच परत दिला. "भावाच्या व्यवहारावर मी बोट ठिवणार न्हाई." त्यांच्याशिवाय बाकीच्यांनीही सह्या केल्या नाहीत. मला नानांनी यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही. पुण्याला मुक्कामाला आले, माझ्या घरात चार दिवस राहिले, त्या फरशीवर बसून जेवले, तेव्हाही नाही.

त्या चार मजल्यांकडं बघताना नानांच्या मनात आणखी एक गोष्ट असते. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. चार वाजायला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे उशिरा निजलेले. भूकंपाचं किल्लारी आमच्यापासून लांब, तरी आमच्या माळवदाची एक भिंत मातीसह आत आली. नानांनी मला झोपेतच उचलून बाहेर आणलं. नंतर कित्येक महिने आम्ही खळ्यात पत्र्याखाली झोपलो. आठवड्याभरानं नाना किल्लारीकडं मदतीला गेले आणि परत आल्यावर दोन दिवस काही बोलले नाहीत. त्या पिढीला डोक्यावरच्या ओझ्याची भीती आहे. प्लॉटिंगमधली पोरं तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला रेलून उभी असली की नाना मान खाली घालून चालतात.

येळवशीच्या त्या सकाळी गावातून निघताना नाना मारुतीपाशी रोडकडं वळत होते. मीच म्हणालो, "नाना, एवढं ओझं घेऊन रोडनं कशाला? तीन किलोमीटरचा फेरा पडतो. प्लॉटिंगमधून जाऊ." ते थांबले. काहीतरी बोलणार होते असं मला आता वाटतं. मग माझ्या मागं आले.

बाकीचा दिवस येळवशीसारखाच गेला. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, लक्ष्मीपुढं ओटी. नानांनी धोतराचा काचा मारून आंबील रानभर शिंपडली, "ओलगे ओलगे, सालम पलगे" असा आवाज देत. त्याचा अर्थ आम्हाला कुणालाच सांगता येत नाही आणि त्यावाचून कधी अडलंही नाही. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवलं. येळवशीला कुणाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पंगत उठल्यावर नानांनी एक पत्रावळ भरली, वर दुसरी झाकली आणि माझ्याकडं दिली. "त्या पोराला देऊन ये. त्याचीबी येळवस हाय." मी रानाकडच्या फाटकातून वॉचमनला पत्रावळ दिली. त्यानं मफलर काढून मांडीवर पसरला आणि फाटकाच्या सावलीत बसून जेवला. उंडा भज्जीत कुस्करताना एकदा वर बघून म्हणाला, "आमच्या रानातबी आज समदे आलेत. ड्युटी बदलून मागितली होती." पुढं काही बोलला नाही, आणि मी विचारलं नाही.

कोपीत पडल्या पडल्या मला राहून राहून तो रकाना दिसत होता. ज्याच्या दारात आपण गेलोच नाही त्याच्या नावानं आत शिरलो, हे मला टोचत होतं. दुपार कलल्यावर मी मायकडून डबा भरून घेतला आणि बी-204 ची बेल वाजवली.

दार उघडलं ते चाळिशीच्या एका बाईंनी. मी आधी नाव सांगितलं, मग गाव, मग रजिस्टरचं सगळं. त्या ऐकत होत्या आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीतरी येत गेलं. "आत या ना. तुम्ही सगळे माझ्याकडंच येता म्हणून वही भरली म्हणे." बाई हिंगोली जिल्ह्यातल्या. नवरा तिकडं शेती बघतो, आणि या इथं मुलीला घेऊन भाड्यानं राहतात. मुलगी अकरावीला, लातूरला नीटचे क्लास. या इमारतींत निम्म्याहून जास्त घरं अशीच आहेत, लातूर पॅटर्नच्या ओढीनं आलेली, नांदेडची, परभणीची, बीडची, बारावी झाली की उठून जाणारी. आज क्लासला सुट्टी होती म्हणून मुलगी टेबलाशी पुस्तक उघडून बसली होती. तिनं मान वर करून नमस्कार केला आणि परत खाली घातली. बाईंनी मला पाणी दिलं, पण अर्धाच ग्लास. देताना त्याच म्हणाल्या, "राग मानू नका. टँकर उद्या येणार आहे."

त्यांनी मग सांगितलं की पहिल्यांदा वॉचमननं येऊन विचारलं होतं, ताई, गावातल्या एका म्हातारीला रानात जायचंय, तुमचा नंबर टाकू का? त्या टाक म्हणाल्या. "आमचंबी शेत आहे. मला माहिती आहे, भाकरी वेळेवर नाही गेली तर काय होतं." मग रोजच टाकायला लागले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांना विचारलं गेलं, तुमच्याकडं एवढी माणसं कशी येतात? त्यांनी सांगितलं, नातेवाईक आहेत. घरमालकानं फोन केला, त्यालाही तेच सांगितलं. "आता वर्षभर सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलंय." हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते की चुलीच्या धुराची सवय सुटलेल्या घरात माझ्या डब्याच्या वासानं तसं झालं होतं, मला सांगता येणार नाही. डबा त्यांनी उघडून नाकाशी धरला होता. त्यांच्या भागात येळवस नसते.

मला बाल्कनीत नेऊन त्या म्हणाल्या, "हे हिरवं दिसतं म्हणून मी ही खोली घेतली." खाली नानांचं रान होतं. तूर, पलीकडं हरभरा, कोपीवर उन्हाचा शेवटचा पट्टा. इतक्या उंचीवरून मी ते कधी पाहिलं नव्हतं. भिंतीलगतचा पट्टा बाकीच्या रानापेक्षा फिका होता, पाण्यात बसलेल्या जमिनीला दुसऱ्या वर्षीही रंग धरवत नाही. "ते धोतरवाले बाबा तुमचे कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चुलते. "त्यांच्यावर माझं घड्याळ आहे. पहिल्या वर्षी बरोबर साडेसहाला ते इथून खालून जायचे, बूट नाही, चप्पल नाही. ते दिसले की मी हिला उठवायची." मग थोडं थांबून, "पण वही सुरू झाल्यापासून ते इकडून येत नाहीत. सगळा गाव माझ्या नावावर येतो, ते एकटेच येत नाहीत. ते तिकडून, रोडकडून येतात. सव्वासातच्या आधी पोचत नाहीत. हल्ली तर मधे दोनदा बसतात, मला इथून दिसतं. त्यांना पायाचं काही आहे का?"

मला माहीत नव्हतं. पायाचंही नाही आणि रोडचंही नाही. वर्षभर चुलता माझा रोज सकाळी तीन किलोमीटरचा फेरा घालून आणि तेवढाच परत येऊन रान करत होता, कारण त्याला खोटं लिहून आत शिरायचं नव्हतं. आणि खरं लिहायला तिथं रकाना नव्हता. ते मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं एका परक्या बाईनं, दुसऱ्या मजल्यावरून. आणि त्याच सकाळी मी त्यांना त्या फाटकातून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची माझी बस होती. पहाटे मला जाग आली तेव्हा नाना ओसरीवर पंचा बांधत होते. मी काही न बोलता त्यांच्या मागं निघालो. मारुतीपाशी ते रोडकडं वळले. मीही वळलो. त्यांनी एकदा मागं पाहिलं, आणि पुढं चालत राहिले. ऊस भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत अगदी अंगावरून गेल्यासारखा गेला, तेव्हा त्यांनी हात मागं करून मला कडेला ओढलं, लहानपणी ओढायचे तसं. पुलाच्या कठड्यावर ते पहिल्यांदा बसले. उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबत राहिले. दुसऱ्यांदा किलोमीटरच्या दगडावर. रानात पोचलो तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. बी-204 च्या बाल्कनीत बाई उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. नानांनी डोळ्यांवर आडवा तळवा धरून वर पाहिलं.

"कोण हाय रं ती?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, वहीचं, नातेवाइकांचं, काल डबा नेल्याचं. नाना ऐकत होते. कोपीतला कालचा कडबा पायानं सारखा करत होते.

"डबा नेलास?" ते म्हणाले. "येळवशीला मानसाला घरी डबा नेतेत का? तिला अन् लेकीला रानात घेऊन यायचं व्हतं."

मग खाली बसून त्यांनी आधी गुडघा सरळ केला, आणि खुरपं हातात घेतलं.